हरभऱ्यावरचे सात थेंब

पानावरच्या थेंबाचा फोटो कुणी कौतुकानं दाखवला की माझं डोकं फिरतं. हल्ली असे फोटो कॅलेंडरवर येतात, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर येतात, लग्नपत्रिकेवरसुद्धा येतात. मी तोंड फिरवतो. घरातले म्हणतात, यांना चांगलं काही बघवतच नाही. खरंच नाही बघवत. त्यामागे एक माणूस आहे आणि त्या माणसाचं मी जे करून ठेवलं ते आहे. मला दोघांचाही राग येतो, त्याचा थोडा आणि माझा पुष्कळ.

मोठ्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं असतील. माधवनगरला गिरणीच्या रस्त्यावर माझं औषधाचं दुकान होतं आणि समोर त्याचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक खोली, तिच्या मागे फोटो धुवायची अंधारी कोंदट जागा, आणि पुढे एक स्टूल. आधीच्या मालकानं भिंतीवर बागेचा पडदा सोडला होता, कारंजं, मोर, सगळं होतं त्यावर. यानं आल्या दिवशी तो पडदा उलटा टांगला. मागची बाजू नुसती मळकट पांढरी. मी विचारलं, "का हो, बाग चांगली होती की?"

"कुठली बाग? माधवनगरात हाय का तसली बाग? मग फोटूत कशाला पायजे?"

तो मूळचा साताऱ्याकडचा, शिरवळच्या बाजूचा. घरातले बहुतेक पुरुष पलटणीत. यालाही भरतीला उभं केलं होतं, पण छाती अर्धा इंच कमी भरली. थोरल्या भावानं मग कुठल्याशा साहेबाकडून जुना घडीचा कॅमेरा विकत घेतला आणि याच्या हातात ठेवला. बंदूक नाही तर हे धर, म्हणाला. छाती भरली नाही याचा राग त्यानं जन्मभर जगावर काढला असं मला सुरुवातीला वाटायचं. पुढे कळलं की तसं काही नव्हतं. त्याला खोटेपणाची चीड होती, आणि जगात दुसरं काही फारसं मिळत नसल्यामुळे तो सारखाच चिडलेला असायचा.

गिऱ्हाइकाला "हसा" असं तो कधी म्हणाला नाही. एकदा एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. स्थळाकडे पाठवायला फोटो हवा होता. फोटो काढून झाल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, "जरा उजळ करा. पैसे जास्त घ्या."

"पोरगी उजळ हाय का?"

"सावळी आहे. पण सगळेच करतात की तेवढं."

"मग फोटू बी सावळाच येनार. उजळ पायजे तर त्या चौकात चुना लावनारा बसतो, त्येच्याकडं जावा. भिताडं झ्याक रंगवतो."

गृहस्थ लेकीला ओढतच घेऊन गेले. असली गिऱ्हाइकं त्यानं किती घालवली त्याला गणती नाही. मी त्याला बोललो, की बाबा रे, ब्रश जरा फिरवला तर तुझं काय जातं? तर माझ्यावरच उसळला. "उद्या पोरगी नांदाय गेली आन् सासू म्हनली, फोटूत येगळीच हुती, तर तितं तिच्या बाजूनं कोन हुबा ऱ्हानार? तुमी का मी?" माझ्याकडे उत्तर नसलं की मलाही राग यायचा. आमची दोस्ती ही अशी, दिवसातून एकदा भांडल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागायचा नाही.

हिवाळ्यात त्याचा स्टुडिओ नऊच्या आत कधी उघडत नसे. दारात गिऱ्हाईक ताटकळायचं आणि हा कुठल्या तरी बांधावर पोटावर पालथा पडलेला असायचा. दवाचे थेंब टिपायचा नाद. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. दहा गिऱ्हाइकांचे आणि दोन थेंबांचे, हा त्याचा नेम. जवळचं दिसावं म्हणून त्यानं पत्र्याचा डबा कापून, आतून काळा कागद लावून एक नळी केली होती आणि ती कॅमेऱ्याच्या काचेपुढे बसवली होती. ऊन चढलं की थेंब गेलाच, वारा आला की थेंब गेलाच, आणि याचा श्वास लागला तरी थेंब गेलाच. लोक त्याला थेंबवाला म्हणत, आणि तेही चार शिव्या जोडून.

पहिल्यांदा त्यानं मला तसला फोटो दाखवला तेव्हा मी आधी हसलो होतो. आळवाचं पान आणि त्यावर पाणी, त्यात काय बघायचं? "जवळ घ्या," तो ओरडला. मी जवळ घेतला. वाटाण्याएवढ्या त्या थेंबात गिरणीची चिमणी होती. धूर होता. तारेवरचे कावळेसुद्धा होते. सगळं उलटं, आभाळ खाली आणि जमीन वर, पण इतकं स्वच्छ की रोज डोळ्यांपुढे असलेली ती काळी भिकार चिमणी मला त्या दिवशी पहिल्यांदा सुंदर वाटली. मी खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. मग मी दुकान सोडून रस्त्यावर आलो आणि खऱ्या चिमणीकडे बघत उभा राहिलो.

तो फोटो त्यानं स्टुडिओत लावला होता. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चिमणी सरळ दिसावी म्हणून फ्रेम फिरवून उलटी करून ठेवायचं आणि हा प्रत्येकाच्या अंगावर धावून जायचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दिवाळी झाली की होळीपर्यंत तो दर पंधरवड्याला माझ्याकडे रिकामी बाटली घेऊन यायचा आणि दोन औंस ग्लिसरीन भरून न्यायचा. बाटली कोटाच्या आतल्या खिशात घालायचा. दुकानात दुसरं कुणी असलं तर आत यायचाच नाही, रस्त्यात घुटमळत राहायचा. मी एकदा विचारलं, "एवढं ग्लिसरीन कशाला लागतं हो तुम्हाला?"

"पितो मी!" असं म्हणून तो निघून गेला.

मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं आता म्हणतो. पण आता म्हणून काय उपयोग?

त्याची बायको जत तालुक्यातली. तिकडे पाणी नाही, पण थंडीत दव पडतं, आणि तिच्या माहेरच्या रानात शाळू ज्वारीच्या कडेनं हरभरा असायचा. हरभऱ्याची आंब आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे हरभऱ्यावर कापडाचं धडपं पसरायचं, दवाबरोबर पानावरचा आंबटपणा त्यात उतरतो, धडपं पिळून ती आंब बाटलीत भरायची, पोटदुखीवर उतारा. माझं औषधाचं दुकान असूनही माझी आई माझ्या गोळ्यांपेक्षा तिच्यावरच जास्त विश्वास ठेवायची. तर या हरभऱ्याच्या पानांना बारीक लव असते, आणि त्या लवेवर आंब मिसळलेला थेंब साध्या पाण्याहून जरा जास्त वेळ तग धरतो. हे यानं सासुरवाडीला हेरलं. एका पहाटे बायकोला पलीकडे उभं केलं आणि फोटो काढला.

तो फोटो मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. हरभऱ्याची एकच डहाळी, तिच्यावर सात थेंब ओळीनं. प्रत्येक थेंबात ती बाई उभी, डोक्यावर घागर, मागे मेंढरं आणि उघडा माळ. सातही थेंबांत ती उलटी. आणि सातही ठिकाणी जरा जरा वेगळी, कारण थेंब लहानमोठे होते. पहिल्या थेंबात ती तिळाएवढी, सातव्यात तांदळाएवढी. असं वाटायचं की ती डहाळीवरून चालत चालत आपल्याकडे येते आहे.

सांगलीत हौशी फोटोवाल्यांच्या एका मंडळानं स्पर्धा ठेवली होती. मीच त्याला भरीला घातलं. तो नको म्हणत होता, मी फॉर्म आणला, मी फ्रेम करायला लावली, मीच सायकलवरून फोटो नेऊन दिला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

निकालाच्या दिवशी हॉल भरलेला. मंडळाचे चिटणीस सांगलीतले एक डॉक्टर होते. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात यायच्या, त्यामुळे ते मला ओळखत. परीक्षक पुण्याचे होते. ते उठले आणि म्हणाले, "सात थेंबांचं हे छायाचित्र पहिल्या क्रमांकाचं ठरलं असतं. पण दवाचा थेंब इतका जाड नसतो आणि इतका वेळ टिकत नाही. हे ग्लिसरीनचे थेंब आहेत, ड्रॉपरनं ठेवलेले. युक्ती चांगली आहे, पण ती सांगायला हवी होती."

तो उभा राहिला. कानशिलं लाल झाली होती. "हरभऱ्याची आंब हाय ती साहेब. पान्यापरास जाडच असती."

"आंब?" परीक्षक हसले. मग हॉलही हसला. अर्ध्या हॉलनं लहानपणी आंब प्यायलेली असणार, पण पुण्याचा माणूस हसला म्हणून हेही हसले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून ओरडणार तेवढ्यात डॉक्टरांनी मला पाहिलं.

"हे बघा, यांचे शेजारीच इथे आहेत, औषधवाले. काय हो, हे कधी तुमच्याकडून ग्लिसरीन घेतात का?"

मी काय करायला हवं होतं? बसायला हवं होतं. खोकला काढायला हवा होता. पण माझी मेली जीभ! मी म्हणालो, "हो, घेतात. हिवाळाभर घेतात. पण..."

त्या 'पण'च्या पुढे मला काहीच माहीत नव्हतं आणि कुणी ऐकायलाही थांबलं नाही. एकच गलका झाला. डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि त्याला विचारलं, "बोला. कशाला लागतं तुम्हाला ग्लिसरीन?"

त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा बॉम्ब टाकणार. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पण त्यानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मुलीचा रंग उजळ करायला नकार देणारा, मोराचा पडदा उलटा टांगणारा हा माणूस दीडशे लोकांपुढे लबाड ठरत होता आणि त्याला एक वाक्य बोलता येत नव्हतं. शेवटी तो पुढे गेला, भिंतीवरची फ्रेम स्वतःच्या हातानं काढली, काखेत मारली आणि बाहेर पडला.

मी धावत जाऊन त्याला एसटी स्टँडवर गाठलं. "अहो, सांगायचं ना काहीतरी! मी तुमच्या बाजूनं बोलत होतो."

"तुमी खरं त्येच बोलला," तो म्हणाला. आवाज अगदी खाली. तो ओरडला असता तर मला चाललं असतं. "खरं बोलनाऱ्यावर रागवायला येत न्हाई. जावा तुमी."

मग मी रागावलो. इतकं सगळं मी याच्यासाठी केलं आणि हा मला जा म्हणतो? असेल याच्या पोटात पाप, म्हणून तर दातखीळ बसली! होय, असं माझ्या मनात आलं. आणखी वाईट म्हणजे दोन-चार जणांपुढे मी ते बोलून दाखवलं. लोकांना तेवढं पुरे होतं. "फोटू खराच काढतासा न्हवं?" असं दारात उभं राहून विचारायला लागले. पलटणीतून रजेवर आलेला पोर आईबरोबर फोटो काढून घ्यायचा तर आधी याच्याकडे यायचा, तोही आता सांगलीला जाऊ लागला. हा स्टुलावर एकटाच बसून असायचा. ग्लिसरीन न्यायला तो त्यानंतर आला नाही.

दीडेक महिन्यानं, ऐन थंडीत, त्याची बायको दुकानाची पायरी चढली. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. आठ तास उभ्यानं काम, आणि चपला बाहेर काढून ठेवायच्या. ती टाचा उचलून, चवड्यांवर चालत होती. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "पायाला लावायचं त्ये द्या. आमचं मालक न्हेत हुतं त्ये."

मी बघतच राहिलो. "वहिनी, ते ग्लिसरीन तुमच्या पायांसाठी होतं?"

"मग काय थेंबासाठी?" ती एकदम कडाडली. "आवं, माज्या टाचा बगा. बोट जाईल येवढ्या भेगा. लग्नापासनं हिवाळाभर रोज त्ये सोता मांडीवर पाय घिऊन चोळतात. मी पयल्यांदा पाय वढूनच घेतला. नवऱ्यानं पायाला हात लावायचा म्हंजी पापच की! त्ये म्हनले, पाप लागलं तर मला लागू दे. मग मीच आन घातली, की ह्ये कुनाला सांगशिला तर माजं मेलेलं त्वांड बगशिला. गिरनीतल्या बायका मला जगू देत्याल्या का? आन् त्येंच्या पलटनीतल्या भावांस्नी कळलं तर?" तिनं डोळे पुसले. रागानंच पुसले. "आता चोळायचं बी बंद. म्हंत्यात, बाटली आनली की लोकं म्हननार, बगा थेंब करायला चालला. आवं, त्या फोटूत बी माजंच पाय वर हायत, आन् ह्यो गडी बोलंना!"

मला दुकानाच्या फरशीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी म्हणालो, मी आत्ता जातो आणि त्या डॉक्टरला सांगतो. ती म्हणाली, "तुमी नगा. तुमचं सांगनं झालंय येकदा. मीच सांगते." आणि पायरी उतरून चालायला लागलीसुद्धा.

मी शटर ओढलं आणि सायकल हातात धरून तिच्या मागून निघालो. परपुरुषाच्या सायकलवर ती बसणार नव्हती आणि मी तिला बस म्हणण्याइतका शुद्धीवर नव्हतो. तीनेक मैलांवरची सांगली आम्ही अशीच गाठली. डॉक्टरांच्या दवाखान्यात ती इतर बायकांबरोबर बाकावर बसली. नंबर आल्यावर आत गेली, मीही गेलो. डॉक्टरांनी मला बघून मान हलवली. तिनं काही न बोलता उजवा पाय उचलून स्टुलावर ठेवला. टाचेतून रक्त येत होतं.

डॉक्टर वाकले. चष्मा सारखा केला. माणूस डॉक्टर म्हणून वाईट नव्हता. "अरेरे, काय करून घेतलंय हे? किती दुर्लक्ष!" असं पुटपुटत त्यांनी चिठ्ठी ओढली. "गरम पाण्यात पाय बुडवायचे, पुसायचे आणि ग्लिसरीन लावायचं. भेगा खोल आहेत, स्वतःचा हात नीट पोचणार नाही. घरातल्या कुणाकडून तरी चोळून घ्या."

"त्येच करत हुतं माजं मालक," ती म्हणाली. "तुमी भरल्या हालात त्येस्नी लबाड म्हनलासा."

डॉक्टरांची लेखणी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पायाकडे, मग तिच्याकडे. मग म्हणाले, "मग त्यांनी तिथंच का नाही सांगितलं?"

"तुमी सांगितलं असतासा?"

डॉक्टरांनी टेबलाचा खण ओढला. त्यांनी मंडळाचा कागद काढला आणि लिहायला लागले. सात थेंबांचं छायाचित्र अस्सल आहे, मंडळाची चूक झाली, पहिला क्रमांक त्यांचाच, पुढच्या सभेत हे जाहीर वाचण्यात येईल. सही, शिक्का. पहिल्यांदा शिक्का त्यांनी उलटाच मारला आणि मला त्या वेळी त्याचा आनंद झाला, हेही सांगून टाकतो.

येताना तिला माधवनगरची एक ओळखीची बाई भेटली, तिच्याबरोबर ती बसनं घरी गेली. मी कागद खिशात घालून सायकल अशी पिटाळली की स्टुडिओच्या पायरीवरच उतरलो. तो स्टुलावर होता. मी कागद त्याच्या हातात दिला आणि काय काय झालं ते एका दमात सांगितलं. दुकान, टाचा, दवाखाना, स्टूल, सगळं. वाटलं, हा आता मला मिठी मारेल, नाहीतर स्वतःच घातलेली आन मोडली म्हणून बायकोवर चिडेल.

त्यानं कागद वाचला नाही. घडीसुद्धा उलगडली नाही.

"गेली कशी ती सांगलीला?"

"कशी म्हणजे? चालत."

"चालत?" तो उठला. "त्या पायानं? हितनं सांगलीपतूर?"

"अहो, पण कागद तरी..."

"कागूद घाला चुलीत! नाक्यावर टांगा उबा असतोय की! डोळं फुटलं हुतं काय तुमचं? त्या पायानं चालवत न्हेलंसा तिला?" तो असा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली. कागद तसाच माझ्या अंगावर फेकून, कोट हातात घेऊन तो घराकडे पळत सुटला. स्टुडिओ उघडा टाकून. मागून मीच शटर ओढलं.

पुढे मंडळानं ते पत्र वाचलं, लोक परत त्याच्याकडे आले, आम्ही पुन्हा रोजच्यासारखे भांडायला लागलो. हॉलातल्या त्या गोष्टीबद्दल तो मला एका शब्दानं कधी बोलला नाही. तिला चालवत नेल्याबद्दल मात्र मरेपर्यंत बोलत राहिला.